बर्मी भाषेत ‘पुन्हा’ कसं म्हणतात?

‘त्याने पुन्हा दुकान उघडलं’ या मराठी वाक्यातून दोन अर्थ निघतात. एक, बंद पडलेलं दुकान त्याने परत सुरू केलं. दोन, एक दुकान होतंच, त्याने आणखी एक टाकलं. नेमकं काय झालं ते आपण मागच्या-पुढच्या बोलण्यावरून ठरवतो. बर्मी माणूस क्रियापदाआधी कोणता शब्द ठेवतो त्यावरूनच हा निकाल बहुतेक वेळा लागतो. ‘साइं प्यां फ्विं’ दे’ म्हणजे बंद पडलेलं दुकान उघडलं. ‘साइं थप् फ्विं’ दे’ म्हणजे आहे त्यात एका दुकानाची भर घातली. ‘साइं’ म्हणजे दुकान, ‘फ्विं’’ म्हणजे उघडणे. बाकी काम ‘प्यां’ आणि ‘थप्’ या दोन छोट्या शब्दांचं.

बर्मी ही म्यानमारची राजभाषा, तीन कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा. तिबेटी-बर्मी कुळाच्या नावात ती आहेच. आपल्याकडची मणिपुरी, बोडो, मिझो या तिच्या लांबच्या बहिणी. मराठी माणसाला हा देश दोन वाटांनी माहीत असतो: टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते, आणि राज्य गेलेला थिबा राजा १८८६पासून १९१६मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीत होता. त्यांची भाषा मात्र आपल्या कानांवर फारशी पडलेली नसते. एखादी क्रिया पुन्हा, वारंवार, अधूनमधून किंवा सवयीने होते हे सांगण्याची तिची तऱ्हा आपल्यापेक्षा बरीच वेगळी आहे, आणि काही ठिकाणी चकित व्हावं इतकी आपल्यासारखी.

आधी वाचायचं कसं ते. बर्मी शब्द इथे देवनागरीत दिले आहेत. अनुस्वार असेल तिथे स्वर नाकातून काढायचा. शेवटी पाय मोडलेलं अक्षर असेल (थप्, तत्, लाइक्) तर ते अक्षर उच्चारायचं नाही. स्वर घशात झटका देऊन तोडायचा. बर्मी लिपीतही तिथे व्यंजन लिहितात, बोलताना मात्र नुसता झटका उरतो. विसर्ग आहे तिथे सूर उंच आणि लांब. लिपीतही या सुराची खूण बहुधा दोन टिंबांचीच असते. वर ’ अशी खूण असेल तर सूर आखूड आणि दाबलेला. ‘थ़’ हा ध्वनी जीभ दातांमध्ये धरून, हवा घासत काढायचा. ‘दे’ आणि ‘ते’ हा एकच प्रत्यय आहे: आधीचं अक्षर मोकळ्या किंवा नाकातल्या स्वराने संपलं तर ‘दे’, घशातल्या झटक्याने संपलं तर ‘ते’. हा नियम पुढे पदोपदी लागणार आहे.

वाक्याचा क्रम मराठीसारखाच: कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. पण क्रियापद सहसा एकटं नसतं. त्याच्या आधी एक जागा असते, ‘प्यां’ आणि ‘थप्’ची. नंतर दुसरी जागा, सवय, अनुभव, चालूपणा दाखवणाऱ्या शब्दांची. सगळ्यात शेवटी ‘दे/ते’, पुढे घडायच्या गोष्टीसाठी ‘मे’ किंवा नकाराचं ‘बूः’. कुठला शब्द कुठल्या जागेत बसतो हे पक्कं झालं की अर्धं व्याकरण हाताशी आलं. यातले बरेच शब्द मुळात स्वतंत्र क्रियापदं आहेत, आणि त्यांचा मूळ अर्थ धरून ठेवला तर पाठांतर कमी करावं लागतं.

‘प्यां’चा मूळ अर्थ परतणे. ‘प्यां ला दे’ म्हणजे परत आला. क्रियापदाआधीचा ‘प्यां’ नेहमी मागच्या एखाद्या स्थितीकडे बोट दाखवतो: गोष्ट आधी होती तिथे गेली. आजाऱ्याबद्दल ‘प्यां काउंः दे’ म्हणतात. ‘काउंः’ म्हणजे चांगलं असणे. आधी चांगला होता, मधे बिघडला, परत चांगला झाला. तो यापूर्वी कधी बरा ‘झाला’ होता असा अर्थ यात मुळीच नाही. पुनरावृत्ती इथे क्रियेची नसून स्थितीची आहे.

‘थप्’ म्हणजे एकावर एक रचणे. ‘अथप्’ म्हणजे थर, आणि इमारतीचा मजलासुद्धा. त्यामुळे ‘थप्’ आला की आधी झालेल्यावर आणखी एक थर चढला असं समजायचं. जेवताना यजमान आग्रह करतात, ‘थप् साः बा ओउंः’, म्हणजे अजून घ्या. इथे ‘प्यां साः’ म्हटलं तर अर्थ पार बदलतो: दुखण्याने जेवण सुटलेला माणूस पुन्हा जेवू लागला. आग्रहाचं पान वाढताना हा घोटाळा बरा नव्हे.

ऐकू आलं नाही म्हणून ‘पुन्हा सांगा’ म्हणायचं असेल तर ‘थप् प्यॉः बा ओउंः’ चालतं आणि ‘प्यां प्यॉः बा’ही सर्रास ऐकू येतं. पण ‘प्यां प्यॉः’ला सांगून दाखवणे, उत्तर देणे असेही अर्थ आहेत, आणि वडीलधाऱ्यांच्या संदर्भात त्याचा सरळ अर्थ उलट बोलणे असा होतो. मुलगा बापाला ‘प्यां प्यॉः दे’ म्हणजे त्याने वाक्य आज्ञाधारकपणे पुन्हा म्हणून दाखवलं असं समजू नका.

हाच ‘प्यां’ क्रियापदाच्या मागे गेला की काम बदलतो, आणि इथे मराठी माणसाची परीक्षा आहे. ‘ला ब्यां बी’ म्हणजे ‘आला परत!’ (मागे आल्यावर ‘प’चा ‘ब’ होतो, शेवटचं ‘बी’ म्हणजे झालं, आता तशी स्थिती आली.) ‘मोः य्वा ब्यां बी’: पाऊस लागला परत. ‘मीः प्येक् प्यां बी’: लाइट गेली परत. आधीच्या अक्षराला झटका आहे म्हणून इथे ‘प’ तसाच राहिला. या मागच्या ‘प्यां’त परतण्याचा अर्थ उरत नाही. तीच घटना आणखी एकदा घडली, एवढंच तो सांगतो, आणि बऱ्याचदा वैताग घेऊन सांगतो. मराठीत ‘परत’ ही दोन्ही कामं करतो: ‘तो परत आला’ म्हणजे परतला, किंवा काल येऊन गेला आणि आज पुन्हा उगवला. आपण आवाजाच्या चढउतारावर भागवतो. बर्मीत जागाच सांगते: ‘प्यां ला’ परतला, ‘ला ब्यां’ पुन्हा उगवला. दोन्ही एकाच वाक्यातही येतात: ‘प्यां ला ब्यां बी’, परत आला की पुन्हा!

नकाराचा ‘म’ कुठे बसतो तेही पाहून ठेवा. तो सहसा ‘प्यां’ किंवा ‘थप्’च्या आधी येत नाही, थेट मुख्य क्रियापदाला चिकटतो. ‘प्यां म ला दॉ’ बूः’ म्हणजे तो आता परत येत नाही. ‘दॉ’’मुळे ‘आता यापुढे नाही’ असा अर्थ येतो. ‘म प्यां ला’ असा क्रम मराठी वळणाने तोंडात येतो. तो टाळा.

आता सवयीकडे. बर्मीत आपल्यासारखा काळ नाही. ‘दे’ एवढंच सांगतो की गोष्ट खरी आहे: घडली किंवा घडते. ‘मने’ गा’ थ़्वाः दे’ म्हणजे काल गेला. ‘ने’दाइंः थ़्वाः दे’ म्हणजे रोज जातो. क्रियापद तेच, फरक कालवाचक शब्दाचा. पूर्वी रोज जायचा म्हणायचं असेल तर ‘अयिं गा’’, म्हणजे पूर्वी, एवढं पुढे जोडायचं. मराठीत याच कामासाठी ‘जायचा’, ‘जात असे’, ‘जाई’ अशी तीन रूपं आहेत. इतकी श्रीमंती असलेल्या माणसाला बर्मीतलं हे साधेपण आधी अपुरं वाटतं. तिथे सवय सांगण्याची श्रीमंती दुसरीकडे आहे.

‘दाइंः’ म्हणजे प्रत्येक. ‘ने’दाइंः’ रोज. पण तो क्रियापदालाही तसाच लागतो: ‘थ़ू ला दाइंः मोउं’ यू ला दे’, म्हणजे तो येतो तेव्हा दर वेळी खाऊ घेऊन येतो. आपण ‘जेव्हा जेव्हा... तेव्हा तेव्हा’ अशी दोन टोकं बांधतो. इथे एका अक्षरात काम होतं.

सगळ्यात गमतीचा शब्द ‘तत्’. स्वतंत्र क्रियापद म्हणून अर्थ: एखादी गोष्ट शिकून येत असणे. ‘काः माउंः दत् ते’: गाडी चालवता येते. ‘ये कूः दत् ते’: पोहता येतं. पण ‘मोः य्वा दत् ते’ म्हटलं तर? पावसाला काही कला शिकून येत नाही. म्हणून इथे अर्थ होतो: असा पाऊस पडतो इथे, पडत असतो. ‘तत्’ कर्त्याच्या कौशल्याबद्दल बोलतो आहे की त्याच्या स्वभावाबद्दल, हे कर्ता आणि क्रियापद बघून ठरवायचं. कुत्रा चावायला शिकलेला नसतो, म्हणून यांगोनमधल्या घरांच्या फाटकांवर दिसणारी पाटी ‘ख्वेः काइक् तत् थ़ी’ ही स्वभावाची ग्वाही असते: कुत्रा चावरा आहे. शेवटचं ‘थ़ी’ म्हणजे लेखी भाषेतलं ‘दे’. ‘तत्’ काढून नुसतं ‘ख्वेः काइक् ते’ राहिलं, तर कुत्रा चावला अशी बातमी होते. पाटीवर ते चालत नाही.

‘तत्’चा नकारही तसाच दुहेरी. ‘अयेक् म थ़ाउक् तत् फूः’ म्हणजे मी दारू पीत नाही. शब्दशः पाहिलं तर ‘दारू प्यायला येत नाही’. आग्रह मोडायला हे वाक्य उपयोगी पडतं, कारण त्यातून आवड-नावड किंवा नीतीचा मुद्दा न काढता सवयच नाही एवढं कळतं. इथेही ‘म’ मुख्य क्रियापदाआधी बसला, ‘तत्’च्या आधी नाही.

सवयीसाठी दुसरी रचना ‘ले’ शि’’. ‘ले’’ म्हणजे सराव, ‘शि’’ म्हणजे असणे. ‘थ़्वाः ले’ शि’ दे’: जाण्याची सवय आहे, नेहमी जातो. नकार मात्र इथे जागा बदलतो. ‘थ़्वाः ले’ म शि’ बूः’, म्हणजे ‘म’ आता ‘शि’’ला चिकटला. कारण साधं आहे: ‘ले’’ हे नाम झालं, आणि नकार असण्याचा आहे, जाण्याचा नाही. ‘तत्’ आणि ‘ले’ शि’’ यांच्यातला फरक असा की ‘तत्’ निसर्गालाही लागतो, यंत्रालाही लागतो, कुत्र्यालाही. ‘ले’ शि’’ मुख्यतः माणसांच्या आणि संस्थांच्या वहिवाटीसाठी.

उलटसुलट होत राहणाऱ्या क्रियांसाठी वेगळी सोय आहे. ‘लाइक्’ म्हणजे पाठोपाठ जाणे. दोन विरुद्ध क्रियापदं घ्यायची आणि प्रत्येकामागे ‘लाइक्’ लावायचं: ‘विं लाइक् थ्वेक् लाइक्’, आत-बाहेर, आत-बाहेर. म्यानमारच्या शहरांत वीज वारंवार जाते, तेव्हा घरोघरी ऐकू येणारं वाक्य: ‘मीः ला लाइक् प्येक् लाइक्’, वीज येतेय-जातेय. (‘मीः’ म्हणजे विस्तव, आणि वीजही.) मराठीत आपण ‘ये-जा’, ‘उठबस’ अशी जोड-नामं करतो. बर्मीत क्रियापदांची जोडी करूनच भागतं. एकच चूक टाळायची: एका क्रियापदामागचं एकटं ‘लाइक्’ पुनरावृत्ती दाखवत नाही. उलट ‘करून टाकलं’, ‘घेतलं उरकून’ असा एका झटक्यात संपल्याचा भाव आणतं. पुनरावृत्ती जोडीत आहे, ‘लाइक्’मध्ये नाही.

चालू क्रियेसाठी ‘ने’, म्हणजे राहणे. ‘साः ने दे’ जेवतोय. पण क्रिया क्षणभराची असेल तर तेच ‘ने’ आपोआप पुनरावृत्ती होतं. ‘छाउंः सोः ने दे’ म्हणजे खोकतोय. एक खोकला लांबवता येत नाही, तेव्हा खोकल्यावर खोकला असाच अर्थ. मराठीत हे असंच आहे, म्हणून इथे अडचण येत नाही. अडचण येते ती कानाची: ‘ने’ म्हणजे राहणे, ‘ने’’ म्हणजे दिवस. सूर आखूड दाबला की शब्द बदलला.

‘वारंवार’साठी रोजच्या वापरातला शब्द ‘खना’-खना’’. मूळ पाली ‘खण’, म्हणजे आपला ‘क्षण’. एकटा ‘खना’’ थोड्या वेळासाठी: ‘खना’ साउं’ बा’, जरा थांबा. दोनदा आला की वारंवार. मात्र शब्द दुप्पट केला की पुनरावृत्ती होते, असा नियम काढू नका. क्रियापद दुप्पट केलं तर बर्मीत बहुधा क्रियाविशेषण तयार होतं: ‘म्यां’ म्हणजे वेगवान असणे, ‘म्यां म्यां’ म्हणजे लवकर, आणि ‘म्यां म्यां ला’ म्हणजे लवकर ये. ‘करून करून थकलो’ या मराठी सवयीने तिथे वारंवारतेचा अर्थ लावला तर फसगत होते.

आता मोजणी. किती वेळा हे सांगायला बर्मीत अंकामागे मोजशब्द लागतो, आणि क्रियेच्या जातीप्रमाणे तो बदलतो. बोलण्यातला सर्वसाधारण मोजशब्द ‘खा’, जरा औपचारिक ‘चेइं’. जाण्यायेण्याची खेप मोजायची तर ‘खाउक्’: ‘यांगोउं गो ह्नखाउक् थ़्वाः दे’, यांगोनला दोन खेपा गेलो. ठोके, फटके, टोले मोजायचे तर ‘छ्येक्’: ‘दगाः थ़ोउंः ज्येक् खाउक् ते’, दार तीनदा ठोठावलं. (या वाक्यातलं ‘खाउक्’ म्हणजे ठोठावणे, ध्वनी तोच, शब्द वेगळा.) मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपणही बाजाराच्या दोन खेपा मारतो, देवळाच्या पाच प्रदक्षिणा घालतो, घड्याळाचे तीन टोले ऐकतो, आणि या सगळ्यांना सरसकट ‘वेळा’ म्हणत नाही.

उच्चारात मात्र लक्ष द्यावं लागतं. एक, दोन आणि सात हे अंक मोजशब्दाआधी दुबळे होतात, स्वर अर्धवट उरतो: तखा, ह्नखा, खुन्नखा. तीन, चार, पाच यांच्यानंतर मोजशब्दाचं पहिलं व्यंजन मृदू होतं: थ़ोउंः गा, लेः गा, ङाः गा, तसंच ‘चेइं’चं ‘जेइं’ आणि ‘छ्येक्’चं ‘ज्येक्’. सहा आणि आठ झटक्याने संपतात, म्हणून तिथे व्यंजन तसंच राहतं: छाउक् खा, शित् खा. वीस, तीस असे पूर्ण दशक आले की क्रमच उलटतो, मोजशब्दाआधी ‘अ’ लागून तो पुढे येतो: ‘अचेइं ह्नसे’, वीस वेळा. दहाला हा नियम नाही. मोजशब्द स्वतःच दुप्पट केला तर आकडा गळून पडतो आणि ‘कितीतरी वेळा’ उरतं: ‘अचेइंजेइं’. त्याच अर्थाचं ‘थप् खा थप् खा’ आणखी ठसक्याचं, थरावर थर.

राहिली दोन टोकं: कधीतरी एकदा, आणि क्वचित. ‘फूः’ म्हणजे निदान एकदा तरी अनुभव आहे. ‘पगां याउक् फूः लाः?’ म्हणजे बगानला (म्यानमारमधलं जुन्या देवळांचं शहर) कधी गेला आहात का? उत्तर नकारात द्यायचं तर ‘म याउक् फूः बूः’. इथे जपायचं, कारण नकाराचा शेवटचा ‘बूः’ झटक्यानंतर स्वतःच ‘फूः’ होतो. म्हणून ‘म याउक् फूः’ एवढंच म्हटलं तर अर्थ होतो: पोहोचलो नाही. गाडी चुकलेल्या माणसाचं आणि बगान कधीच न पाहिलेल्या माणसाचं उत्तर यांत एका ‘बूः’चा फरक आहे.

‘खेः’ हा विरळपणाचा शब्द, क्रियापदामागे येतो: ‘थ़्वाः खेः दे’, क्वचितच जातो. सूर आखूड दाबून ‘खे’’ केला की ‘थ़्वाः खे’ दे’ होतं, म्हणजे तेव्हा गेला, जाऊन आला. बर्मी लिपीत या दोघांत फरक अक्षराखालच्या एका टिंबाचा. घाईत लिहिलेल्या चिठ्ठीत, मोबाइलवरच्या संदेशात ते टिंब राहून गेलं तर ‘गेला होता’चं ‘क्वचित जातो’ होतं. अशा वेळी वाक्यात काल, परवा, गेल्या वर्षी असा ठराविक वेळ सांगणारा शब्द आहे का ते पाहायचं. असेल, तर टिंब धरून वाचायचं.